पोटाची शिस्त

पोटाचा विषय काढला की लोक हसतात. हसा बापडे. दिल्लीत माझी सहा वर्षं पोटानंच खाल्ली, तेव्हा आठवणी सांगायच्या तर त्या पोटाच्याच निघणार. त्याला माझा इलाज नाही.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून मी दिल्लीला आलो तो कलेक्टर व्हायला. करोलबागेपासून चालत पंधरा मिनिटांवरच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर माझी खोली होती. खोली कसली, खुराडं. एक खाट, एक टेबल, खिडकीत कूलर, आणि मजल्यावरच्या सात पोरांत मिळून एक संडास. सकाळी रांग लागायची. नंबर येईपर्यंत क्लासची वेळ व्हायची, मग ‘जाऊ दे यार, दुपारी बघू’ म्हणून तसंच निघायचं. दुपारी काही बघणं व्हायचं नाही. जेवणाचा डबा लावलेला. राजमा नाहीतर छोले, वर तेलाचा तवंग, आणि चिवट पोळ्या. डबा बाराला यायचा आणि मी तो कधी तीनला उघडायचो, कधी पाचला, समोर वर्तमानपत्र धरून. काय खाल्लं हे विचाराल तर सांगता आलं नसतं. मधल्या वेळात चहा, दिवसाला आठ कप तरी. चहानं भूक मेली की मला बरं वाटायचं, तेवढाच वेळ वाचला म्हणून.

पोटानं दोन वर्षं सोसलं आणि तिसऱ्या वर्षी ते बिथरलं. छातीत जळजळ, करपट ढेकरा, चार दिवस पोट साफ नाही आणि पाचव्या दिवशी नुसती धावाधाव. परीक्षा जवळ आली की जास्तच. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, “बेटा, अंदर कुछ नहीं है. टाइम पे खाओ, टाइम पे सोओ, चाय कम करो.” मी त्यांच्या गोळ्या घेतल्या आणि खाली येऊन टपरीवर चहा प्यायलो. असा मी शहाणा.

पाच प्रयत्न गेले. दोनदा पूर्वपरीक्षा निघाली, पुढं मुख्य परीक्षेत आपटलो. सहावा प्रयत्न शेवटचा. त्यानंतर अर्जच भरता येत नाही. त्या मार्चमध्ये एका सराव पेपरातून पोट धरून मधेच उठावं लागलं, तेव्हा गल्लीत उभा राहून मी आईला फोन केला. एकोणतीस वर्षांचा घोडा, आणि भर रस्त्यात रडलो. “अभ्यास झालाय गं माझा. हे पोट मला बसू देत नाही.”

आई एवढंच म्हणाली, “शाळेला सुट्टी लागली की येते.”

आई गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. दोनशे लेकरं रोज तिच्या हातचं जेवत. पोरांना वाढण्याआधी शिजवणाऱ्या बाईनं स्वतः खाऊन बघायचं आणि अर्धा तास थांबायचं, असा तिथला नियम. बाकीच्या बाया जिभेला लावल्यासारखं करत आणि वहीत सही ठोकत. आई मात्र वाटीभर घेऊन पायरीवर नीट बसून खायची आणि मग घड्याळाकडं बघत राहायची. “लेकरू आपलं नसलं तरी पोट पोटच असतंय,” म्हणायची. इतक्या वर्षांत तिच्या खिचडीनं एकाही पोराचं पोट दुखलं नव्हतं. याचा तिला जो ताठा होता, तो फौजदारालाही नसेल.

एप्रिल संपता संपता ती निजामुद्दीनला उतरली. बरोबर ज्वारीचं गाठोडं, ओवा, जवसाची चटणी, आणि काथ्यानं बांधलेला लोखंडी तवा. मी वैतागलो. “तवा कशाला? दिल्लीत तवे मिळत नाहीत का?”

“मिळतात की. पण ते मला ओळखत नाहीत.”

पीठ न आणता ज्वारी का आणली, तर पीठ जुनं झालं की भाकरीची विरी जाते, थापताना तुटते. मग मी दर आठवड्याला दोन किलो ज्वारी घेऊन चक्कीवर. चक्कीवाला विचारायचा, “ये किसके लिए, भैंस के लिए?” मी दात काढायचो आणि पीठ घेऊन यायचो. आई भाजीवाल्याशी बिनधास्त मराठीत बोलायची, दोडका, दुधी, लाल भोपळा वेचून घ्यायची, आणि तो तिला माताजी माताजी करत कोथिंबीर फुकट द्यायचा. मला सहा वर्षांत त्यानं कधी काडी दिली नव्हती.

आणि मग माझ्या पोटाची शाळा सुरू झाली. पहाटे पाचला उठून कोमट पाणी, आणि रांग लागायच्या आधी संडास. लागो न लागो, जाऊन बसायचं. “रोज एकाच वेळेला गेलास की त्यालाबी वळण लागतंय,” ती म्हणायची. दिवसात चहा दोनच. बाराच्या ठोक्याला जेवण, गरम भाकरी, मुगाचं वरण, एखादी पाणचट भाजी, जिरं घातलेलं ताक. जेवताना पुस्तक नाही, फोन नाही. भरभर खाल्लं की ताटावर हात आडवा. “खायलास का गिळायलास? दात काय फोटो काढायला दिलेत?” संध्याकाळी सातला मऊ भात आणि मग गच्चीवर शतपावली. शेजारच्या उंच इमारतीतली पोरं वरून बघून हसायची. मी तिच्यावर चिडायचो, ओरडायचोसुद्धा. एकदा तर म्हणालो, “मी काय तुझ्या शाळेतला पोरगा आहे का?”

“त्यांना अक्कल असती,” आई म्हणाली.

पहिले दहा दिवस काही फरक नाही. उलट चहा कमी झाल्यानं डोकं ठणकायचं. मग हळूहळू जळजळ थांबली. पोट रोज, वेळेवर, मुकाट साफ व्हायला लागलं. ज्याला हे सुख रोज मिळतं त्याला त्याची किंमत कळायची नाही. मे महिन्याच्या शेवटी मी एकाच दिवशी दोन सराव पेपर दिले, एकदाही न उठता, आणि गुण असे पडले की क्लासच्या सरांनी मला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “आता तुझं काम.” आतून ती किती खूश आहे ते मला भाकरीच्या थापेवरून कळलं.

परीक्षा जूनच्या एका रविवारी होती. शुक्रवारी आईनं दही लावलं, शनिवारी सकाळी ते मस्त लागलं होतं, आम्ही खाल्लं. रविवारच्या दहीसाखरेसाठी ताजं विरजायचं ठरलं होतं. पण शनिवारी दुपारी जी लाइट गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. दिल्लीचा जून, वर गच्ची तापलेली, खोलीत फ्रीज नाही. दूध तापवायला ठेवलं आणि ते नासलं. दुकानातून दुसरी पिशवी आणली, तीही नासली. एरवी दूध घरमालकीणबाईंकडून मागता आलं असतं, पण त्या गावाला गेलेल्या, खाली कुलूप. मी म्हणालो, बाहेरून दह्याचा डबा आणतो. आईला ते पटेना. शकुनाचं दही विकतचं कसं चालेल? शनिवारचं वाटीभर उरलेलं होतं, ते तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या परातीत ठेवलं.

रविवारी सकाळी सहाला मी तयार होऊन उभा राहिलो. तिनं माझ्या पेपरासाठी निर्जळी उपास धरला होता. मी परत येईपर्यंत पाण्याचा थेंबही घेणार नव्हती. देवाच्या फोटोपुढं दिवा लावला आणि वाटी माझ्या हातात दिली. वास आला. मी म्हणालो, “आई, आंबलंय बहुतेक.”

“दही आंबटच असतंय. साखर घातलीय चांगली. शकुनाला काय होतंय?”

आयुष्यात पहिल्यांदा तिनं चव न बघता कुणाला तरी खायला दिलं होतं. बघणार कशी? तोंडात पाणीही घालायचं नव्हतं. आणि ते मला तिथंच, वाटी हातात असताना कळलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ‘तू चव बघितली नाहीस’ एवढं बोललो असतो तर तिनं वाटी ओतून दिली असती. पण दीड महिना तिनं माझ्यासाठी त्या भट्टीत काढला होता आणि निघायच्या वेळी अपशकुन झाला असं तिला वाटायला नको होतं. मी वाटी पुसून खाल्ली. तिच्या पाया पडलो आणि निघालो.

सेंटर गाझियाबादच्या एका शाळेत होतं. मेट्रोतच पोटात कळ आली. मी मनाला सांगितलं, भीती आहे, जाईल. पेपर हातात आला आणि अर्ध्या तासात घामानं निथळलो. पहिल्यांदा हात वर केला, तेव्हा पर्यवेक्षक बाई चांगल्या वागल्या. दुसऱ्यांदा वैतागल्या. तिसऱ्यांदा बरोबरचा शिपाई दाराबाहेर उभा राहून म्हणाला, “भाई, घर से करके आते ना.” आत बसून मी घंटेचे टोल ऐकत होतो. शेवटचे तीस प्रश्न न वाचताच राहिले. सगळे येणारे होते की नाही, देव जाणे. वाचताच आले नाहीत, एवढं खरं. ते दह्यानं झालं की भीतीनं, हेही मी छातीठोक सांगू शकत नाही. पण आधीच्या पाच परीक्षांत भीती होतीच की, आणि खऱ्या पेपरात असं एकदाही झालं नव्हतं.

दुपारचा पेपरही दिला, नावापुरता. संध्याकाळी जिना चढून वर आलो. आई दारातच बसली होती. ओठ पांढरे पडलेले, जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले. तिचा पहिला प्रश्न ‘पेपर कसा गेला’ हा नव्हता. तिनं विचारलं, “पोटानं दगा दिला का?”

खरं सांगायला तोंड उघडलंच होतं. पण आठ दिवसांनी तिची शाळा उघडणार होती. दोनशे लेकरांची खिचडी. मी खरं बोललो असतो, तर तिनं पुन्हा पळीला हात लावला नसता. मी तिला चांगला ओळखतो.

“नाही,” मी म्हणालो. “पोट एकदम मस्त होतं. पेपर अवघड होता. तू आधी पाणी पी.”

ती तांब्याभर पाणी गटागट प्यायली आणि रडायला लागली. आनंदानं. पोट टिकलं म्हणून.

निकालात माझा नंबर नव्हता. वडील फोनवर म्हणाले, “तुझ्या आईनं जीव जाळला तुझ्यासाठी. आता तरी पोटाचं निमित्त सांगू नकोस.” आई काही दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. गावात बायांना सांगायची, त्याचं पोट मी बसवलं, पण अभ्यासच कमी पडला. ऐकून मला राग यायचा. खूप राग यायचा. मग तिचे ते पांढरे ओठ आठवायचे आणि मी गप्प बसायचो.

आता मी नोएडात एका ऑफिसात कारकुनी करतो. पोट उत्तम आहे. बाराला जेवतो, चावून खातो, दोनच चहा घेतो. ऑफिसात पोरं विचारतात, “सर, आपका डाइजेशन इतना अच्छा कैसे?” आई की मेहेरबानी, असं म्हणतो आणि विषय बदलतो.

गेल्या थंडीत आई माझ्याकडं राहायला आली होती. शाळेचं काम तिनं सोडलंय, गुडघे गेलेत. एका दुपारी जेवताना ती माझ्याकडं बघत राहिली. मी सावकाश चावत होतो.

“चुकलं माझंच,” ती म्हणाली.

माझा घास तोंडातच राहिला. मला वाटलं, कळलं हिला.

“मी उशिरा आले. पहिल्याच वर्षी यायला पाहिजे होतं. तुझं पोट तेव्हाच बसलं असतं, अन् आज तू साहेब असतास. मी माझ्या शाळेतल्या पोरांना खाऊ घालत बसले आणि माझं लेकरू इथं उपाशी.”

“नाही गं आई. तसं काही नाही.”

“मग काय चुकलं? तू अभ्यास करत होतास हे मला दिसत होतं. गावात मी काहीबी बोलले रागात. पोट बरं होतं, अभ्यास झाला होता, मग चुकलं काय? तूच सांग.”

ती खरोखर विचारत होती. उत्तर मिळाल्याशिवाय ती जेवणार नव्हती. आणि माझ्याकडं देण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

“उशीरच झाला, आई,” मी म्हणालो. “पहिल्या वर्षी आली असतीस तर झालं असतं.”

तिनं मान हलवली. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, “जेव. गार होतंय.”