संत्र्यांच्या मुलखातला कप्तान

मंगळवारी सकाळी चूळ भरताना ताईच्या हिरड्यांतून रक्त आले. भाऊजींनी ते पाहिले आणि तिला लिंबू चोखायला दिले. तीन आठवड्यांनी ती गेली.

भाऊजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. हायस्कुलात एकतीस वर्षे इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेले आणि इंझोरीला घरामागच्या तुकड्यात वांगी, मेथी लावणारे. बैठकीच्या भिंतीवर त्यांनी जगाचा मोठा नकाशा लावला होता. त्यावर वास्को द गामा, कोलंबस, मॅगेलन यांच्या वाटा लाल शाईने ओढलेल्या होत्या. घरी आलेल्या माणसाला ते नकाशाकडे तोंड करूनच बसवत. बी-बियाणे विचारायला आलेला शेजारीसुद्धा आफ्रिकेला वळसा घातल्याशिवाय सुटत नसे.

त्यांनी स्वतः समुद्र कधी पाहिला नाही. शाळेची सहल कोकणात निघाली तेव्हा सगळे शिक्षक गेले, हे गेले नाहीत. म्हणाले, "एसटीत बसून समुद्र पाह्यला, त्याले प्रवास नाई म्हनत."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते ताईच्या लग्नात. मी सोळा वर्षांचा होतो. मांडवात, अंगावर अक्षता असतानाच, त्यांनी मला विचारले की पोर्तुगालहून निघालेले जहाज कालिकतला कोणत्या वाटेने येईल. मी पुस्तके वाचणारा मुलगा होतो. घडाघडा सांगितले. ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "या घरात एक मानूस हुशार हाय. बाकी सारे वऱ्हाडी." शेजारी ताई बसली होती, सातवी झालेली. तिने मान खाली घातली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही, इतका आनंद झाला होता.

पुढे मी वाशिमला ग्रंथपाल झालो. महिन्यातून एका रविवारी पिशवीत पुस्तके घालून इंझोरीला जाऊ लागलो. जगात माझी वाट पाहणारे एवढे एकच माणूस होते, असे मला वाटायचे. खरे तर वाट ताई पाहत असे. आम्ही दोघे नकाशाखाली बसलो की ती चहा ठेवून जाई आणि जाता जाता एखादे वाक्य टाकून जाई. एकदा भाऊजी मॅगेलनची गोष्ट रंगवून सांगत होते. दोरखंडावरचे चामडे समुद्रात भिजवून खाल्ले, उंदीर खाल्ले, पण कप्तान मागे फिरला नाही. ताईने विचारले, "मंग थो घरी कवा आला?"

"नाई आला. एका बेटावर मारला त्याले."

"मंग काय फिरला थो," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

भाऊजी हसले नाहीत. त्यांना तिचे बोलणे आवडत नसे आणि ते आवडत नाही हे दाखवायची त्यांची रीत होती. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर ते तिच्याशी फक्त हुकमापुरते बोलत. "जहाजावर दोन कप्तान नसते," असे म्हणत. उन्हाळ्यात पाणी कमी पडे तेव्हा तांब्याने मोजून पाणी देत. ताईने डोके कधी धुवायचे हेही तेच ठरवत. एकदा तापात तिने दुसरा तांब्या मागितला, तर त्यांनी पॅसिफिक ओलांडताना खलाशी पिवळे, कुजके पाणी कसे पीत होते ते सांगितले. पाणी दिले नाही. मी तिथेच बसलो होतो आणि पुढची हकिकत ऐकायला उत्सुक होतो.

खलाशांच्या हिरड्यांचा धडा ही त्यांची खासियत होती. शाळेत तो धडा आला की बाजूच्या वर्गातली मुले खिडकीशी येत. मुलांना ते अंगठ्याने हिरड्या दाबायला लावत आणि कोणाला रक्त दिसले का विचारत. एखाद्याने हात वर केला की म्हणत, "हा मेला. पुढं चला." वर्ग हसे. मग हिरड्या दातांवर कशा चढत, पायांवर निळे डाग कसे येत, मेलेल्यांना समुद्रात कसे सोडत, हे सारे सांगून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळालेल्या संत्र्यांनी उरलेले खलाशी कसे उठून बसले तिथे धडा संपे. शेवटचे वाक्य दरवर्षी तेच असे. "आपल्या वऱ्हाडात जहाज लागलं असतं, तं एकबी खलाशी मेला नसता."

म्हणून त्या मंगळवारी त्यांनी मला फोन केला तेव्हा त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. आनंद होता. कोणाला न दिसलेली जमीन आपल्याला दिसावी तसा. ताई सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे उपास करायची, एरवीही चटणी-भाकरीवर असायची. "खलाश्याचा रोग हाय. पाचशे वर्सांनं माह्या घरी आला," ते म्हणाले. मी रविवारपर्यंत थांबलो नाही. दुसऱ्याच दिवशी त्या रोगावरचे पुस्तक घेऊन गेलो. बैठकीत बसून एकेक लक्षण वाचले. हिरड्यांतून रक्त, थकवा, पायांवर डाग, फिकट चेहरा. प्रत्येक लक्षणाला भाऊजी मांडीवर थाप मारत. ताई दारात उभी राहून ऐकत होती.

उपचार सुरू झाला. लिंबाची फोड मिठात बुडवून सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर चोळायची. ते स्वतः चोळत. ताई खाटेची पाटी धरून बसे. ती कण्हली तर म्हणत, "जहाजावर रडनं चालत नाई." रोज वहीत नोंद करत. दिवस पाचवा, रक्त तसेच. दिवस नववा, रक्त कमी. शेजारणीने डॉक्टरचे नाव काढले तेव्हा ते म्हणाले की डॉक्टर उलट मलाच विचारेल हा रोग काय असतो.

दहाव्या दिवशी मी गेलो तेव्हा भाऊजी मागे मेथी खुडत होते. ताईने लुगडे थोडे वर घेऊन मला पोटऱ्या दाखवल्या. डाग मोठे झाले होते, काही ठिकाणी एकात एक मिसळले होते.

"अनंता, हे लिंबाचं काम वाटून नाई राह्यलं मले," ती म्हणाली. "तू मले अकोल्याले ने. तुहं ऐकतीन थे."

मी म्हणालो, "ताई, गुण यायला दोन आठवडे लागतात असं पुस्तकात आहे. आठ दिवस पाहू."

"पुस्तकात हाय तं मंग हाय," ती म्हणाली. लुगडे खाली सोडले आणि चहा ठेवायला गेली.

अकोल्याला आम्ही गेलो ते सतराव्या दिवशी, नाकातले रक्त थांबेना म्हणून, भाड्याच्या जीपमध्ये. भाऊजी पुढे बसले होते. मागे ताईचे डोके माझ्या मांडीवर होते. ती हळूच म्हणाली, "रक्त कमी नव्हतं झालं रे. कमी हाय म्हटलं का थे दिवसातून एकच डाव चोळत." मला आधी समजले नाही. मग वहीतली नवव्या दिवसाची नोंद आठवली.

रक्ताचा कर्करोग होता. तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की या प्रकारात सुरुवातीला आलेले पुष्कळ जण बरे होतात. इतके दिवस काय केले, असे त्यांनी विचारले. मागून भाऊजी म्हणाले, "उपचार चालू होता." चार दिवसांनी ताई गेली.

तेरवीला बैठक माणसांनी भरली होती. भाऊजींच्या जुन्या सहकाऱ्याने विचारले की सर, तुमच्यासारख्या माणसाच्या लक्षात कसे आले नाही. भाऊजी शांतपणे म्हणाले, "लक्षनं सारी जुळत होती. पुस्तक अनंतानं आनलं. वाचूनबी त्यानंच दाखवलं." त्यात डंख नव्हता. शिक्षक आधार सांगतो तसे त्यांनी सांगितले. सगळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि मग कोणीतरी पंगत बसवायला सांगितली.

या गोष्टीला दोन वर्षे झाली. मला भाऊजींचा राग धरायचा असतो, पण तो टिकत नाही. त्यांच्याविषयी एखादी क्रूर गोष्ट आठवू लागलो की त्या गोष्टीत कोपऱ्यात बसून ऐकणारा मी दिसतो. त्यांनी तिला कधी खोटा धीर दिला नाही. तो मी दिला.

आता भाऊजी इंझोरीत एकटे राहतात. मी दोन महिन्यांतून एकदा जातो. पिशवीत पुस्तके नसतात, किराणा असतो. ते खिचडी टाकतात, आम्ही जेवतो, आणि मी चारच्या गाडीने परत येतो. ताईने मला अकोल्याला ने म्हणून सांगितले होते, हे मी त्यांना सांगितलेले नाही.