त्यायले आपण दिसत नाही

पुण्यातला साहित्य महोत्सव अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या वाचनालयात पडद्यावर थेट दाखवत होते. निवेदक "अमरावतीकर, नमस्कार!" म्हणाला आणि मी चक्क उठून हात जोडले.

"बसा भाऊ," ग्रंथपाल म्हणाले, "त्यायले आपण दिसत नाही."

हे गृहस्थ परत आलेल्या पुस्तकावर आधी फुंकर मारतात, मग दुमडलेली पानं नखानं सरळ करत बसतात. तेव्हा ते कोणाशी बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र एका बोटानं टाइप करून त्यांनी मंचावरच्या लेखकाला प्रश्न पाठवला. आधी मला दाखवला, दोनदा खोडला. "पुस्तकात वऱ्हाडी माणूस लोकायले हसवायलेच काहून येते?"

निवेदकानं 'काहून' चांगला लांबवून वाचला. तिकडचं सभागृह खो खो हसलं. "किती गोड बोली!" म्हणत लेखक पुढच्या प्रश्नाकडे वळले. मीही हसलो, सवयीनं.

ग्रंथपालांनी प्रक्षेपण बंद केलं नाही. शेवटी खुर्च्या रचताना एवढंच विचारलं, "आवाज बराबर येत होता ना, भाऊ?"

बायकोही मागच्या रांगेत होती; घरी येताना मी तिच्याजवळ पुणेकरांना नावं ठेवली.

ती म्हणाली, "पुण्याच्या लोकायले ग्रंथपाल दिसत नव्हते. तुमी तं त्यायच्या बाजूलेच बसले होते."