तिरळ्या दिव्यांची मोटार

आमच्या घरची मोटार तिरळी होती.

हे मी निंदेनं सांगत नाही. दुसरं महायुद्ध पेटायच्या आधीची गोष्ट. एक अमेरिकन साहेब मायदेशी परत निघाला आणि तिकडून बोटीनं आणलेली त्याची मोटार माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, विकत घेतली. (कापूस चांगला झाला होता. अशा वर्षी माणसाला काय सुचेल याचा नेम नसतो.) अमेरिकेत म्हणे सगळे रस्त्याच्या उजव्या अंगानं जातात, म्हणून तिचे दिवेही उजव्या कडेला पाहायचे. आपण चालतो डावीकडून! त्यामुळे सगळा झोत समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत. पहिल्याच संध्याकाळी अकोल्याकडच्या आमच्या मालेगावच्या रस्त्यावर एक बैलगाडी बिथरून तुरीच्या वावरात शिरली. गाडीवान तिथूनच ओरडला, "काहून बे, डोये फोडतं का आमचे?"

"थो साहेब असाच वाकडा पाहे का रे?" आबांनी मला विचारलं.

"साहेब नाही आबा, दिवे."

"मंग त्यायची मान फिरव!"

मान फिरेना. नट गंजून घट्ट बसले होते. मी अकोल्याला मॅट्रिकपर्यंत जाऊन आलेला (जाऊन आलेला, पास होऊन नव्हे), म्हणून घरातलं यंत्राचं खातं माझ्याकडे होतं. मी निकाल दिला, काचेचा जो अर्धा भाग उजवीकडे उजेड फेकतो तो झाकून टाकायचा.

घाई होती ती माझीच. केनवडच्या एका बागाईतदाराची मुलगी पाहायला जायचं होतं. तिला मी मालेगावच्या बाजारात एकदा पाहिलं होतं. ती एका दलालाशी वांग्यांवरून भांडत होती आणि जिंकत होती. मला ती मुलगी फार म्हणजे फारच आवडली होती. पण तिच्या वडिलांचा निरोप कडक होता, "दिवेलागणीले या. उद्या तिले पाहाले रिसोडचे पाहुणे येऊन राह्यले."

दिव्यांवर आधी खळीनं कागद चिकटवला. दिवे तापले, कागद गळून पडला. रंगाचं नाव काढताच आबा कडाडले, "साहेबाची मोटार हाये, बैलाचे शिंगं नोहोत रंगवाले!"

मग आई म्हणाली, "कणगी लिपतो तसं लिप न."

शेणमाती लावली. वाळून तडकली.

"मंग ढेप टाक त्याच्यात," आई म्हणाली. "चिकट येते. जवारीचं पीठ टाक, गुयाचा खडा टाक. भेग पडन त मले सांग."

मी शेणमाती टाकून दिली आणि सरकीची ढेप, पीठ, गूळ असं मळून अर्ध्या काचांवर बोटभर जाड थापलं. खरंच भेग पडली नाही! हे साहित्य ऐकून घरातल्या एकाही माणसाला काही सुचलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. गोठ्यात बैल होते, रोज तीच ढेप खाणारे.

निघालो. मोटार मी चालवत होतो (अमेरिकन असल्यानं तिचं स्टिअरिंग डावीकडे), शेजारी उजवीकडे आबा, मागे माझा मावसभाऊ बबन. (उंच, गोरा, आणि मोटार बंद पडली तर ढकलायला म्हणून घेतलेला.) कडुसं पडलं, अंधारू लागलं तसे मी दिवे लावले. उजेड शहाण्यासारखा डावीकडे पडला! मला स्वतःचा अभिमान वाटू लागला, इतक्यात बबन नाक फेंदारून म्हणाला, "कोठी पुरणपोळी होऊन राह्यली का बे?"

दिवे तापले होते. लेप भाजत होता.

समोरून कापूस बाजारात टाकून परतणाऱ्या रिकाम्या गाड्या येत होत्या. सकाळपासूनचे उपाशी बैल. पहिल्या जोडीनं नाक वर केलं, कान टवकारले आणि सरळ आमच्यावर चाल केली. पूर्वी आमच्या दिव्यांपासून बैल पळत, आता ते धावत भेटायला येत होते!

"अबे, आवर त्यायले!" आबा ओरडले.

"आवरूनच राह्यलो न! आयकत नाहीत!"

बैलांनी दोन्ही दिवे चाटायला घेतले. मागच्या जोड्यांनीही रांग मोडली. एकाचं शिंग लागून डाव्या दिव्याची काच खळ्ळकन फुटली आणि तो दिवा विझला. उजवा तेवढा वाचला, घासलेल्या लोट्यासारखा लख्ख होऊन.

गाडीवानानं जवळ येऊन अदबीनं विचारलं, "मालक, दिव्याले ढेप कायले लावता जी?"

"अमेरिकेची चाल हाये," आबा म्हणाले आणि मला डोळ्यांनीच 'चल' म्हणून खुणावलं.

एका डोळ्याची आणि पुन्हा उजवीकडे पाहणारी मोटार घेऊन आम्ही केनवडला पोचलो. उशीर झाला होता, पण दार उघडं होतं. त्या काळी पाहायच्या कार्यक्रमात मुलगी मान वर करत नसे. तिला मुलगा दिसायचा तो एकदाच, पाहुणे अंगणात उतरताना, खिडकीच्या फटीतून. हे मला माहीत होतं. म्हणून मी दिवा चालूच ठेवला, डावीकडून उतरलो, तिथेच मोटारीपुढे उभा राहिलो, टोपी सरळ केली आणि चेहरा होईल तेवढा रुबाबदार केला. आबा आणि बबन पलीकडून, उजवीकडून उतरले.

आठवडाभरात होकार आला! मी आनंदानं घरभर नाचलो. लग्नात अंतरपाट सरला तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बाजूला उभ्या बबनकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. मी समजलो, लाजली.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी मोठ्या ऐटीत विचारलं, "काय व, रिसोडचे सोडून मले काहून हो म्हटलं?"

ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमाले कोण म्हटलं? त्या दिवशी मोटारीच्या उजेडात बबनभाऊजी उभे होते. मले वाटलं, थेच नवरदेव. तुमी अंधारात कोठी होते, मले काय मालूम!"

तेव्हापासून बबन घरी आला, की मी उठून कंदिलाची वात बारीक करतो.