न दिसणारा मार

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीत टायपिस्ट कमी पडत होते, म्हणून नांदेडहून माझी बदली झाली. नवरा नांदेडलाच गिरणीत कामाला, रविवारी यायचा. मी एका किराणा दुकानदाराच्या घरामागची खोली घेतली होती. दुकानदाराच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची.

त्या वर्षी पाऊस नावाला पडला. गल्लीत टँकर आला की झुंबड उडायची. अशाच एका सकाळी पाइपाजवळ रेटारेटी झाली आणि कुणाची तरी भरलेली घागर माझ्या कानाच्या वर आदळली. मी खाली बसले. रक्ताचा थेंब नाही, टेंगूळसुद्धा बेताचंच. बायका म्हणाल्या, "काय न्हाई झालं, ऊठ." मी उठले, घागर भरली, कचेरीत गेले.

दुपारी मशीनच्या टकटकीनं मला ओकारी आली.

त्यानंतर रोज तेच. ऊन डोळ्यांत सुईसारखं घुसायचं. ओळ टाइप करताना पुढचा शब्द हरवायचा. साहेबांनी दोनदा कागद परत पाठवला. तिसऱ्यांदा म्हणाले, "बाई, बरं नसेल तर रजा टाका. पण तुम्हाला काही झालंय असं दिसत तर नाही." हे वाक्य ऐकून ऐकून मला वीट आला. हात मोडला असता तर प्लास्टर दाखवता आलं असतं.

रविवारी नवऱ्यानं मला नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, एका रेघेवर चालायला लावलं. "मेंदूला हादरा बसलाय. आराम करा. वाचन नको, आवाज नको, ऊन नको."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

टायपिस्टनं वाचायचं नाही, आवाज ऐकायचा नाही. मी रजा टाकली आणि खिडकीला गोणपाट लावून पडून राहिले. झोप मात्र येईना.

अक्काला माझी दया आली. तिचा भाऊ शिवरात्रीला बीदरकडून भांग आणायचा, त्यातली तिच्याकडे उरलेली होती. "आगं, देवाचा परसाद हाय हा. बोराएवढी गोळी घे गुळासंगं. डोस्कं शांत हुतंय. माझ्या सासऱ्याला झोप लागंना, तवा हेच देत हुते."

आमच्या घरात असलं कधी शिरलं नव्हतं. वडील नशेच्या फार विरोधात. पंचशील घेतलेला माणूस. पण त्या दिवशी कुणी माती खायला सांगितली असती तरी मी खाल्ली असती.

पहिल्या गोळीनं मी झोपले. कितीतरी दिवसांनी खरंखुरं झोपले. उठल्यावर डोकं हलकं वाटलं, आणि मी अक्काच्या गळ्यात पडून रडले.

चार-पाच दिवस बरे गेले. मग एका दुपारी गोळी घेतली आणि खोली हलायला लागली. छाती धडधडू लागली, जीभ कोरडी पडली. आपण मरतोय अशी माझी खात्री झाली. अक्का धावत आली, कपाळावर ओला फडका ठेवून बसली. मग तीच ओशाळून म्हणाली, "भांग पाच-सात पाण्यानं धुवावी लागती बाय. औंदा एवढं पाणी कुठलं? ह्या खेपंला एकाच पाण्यात काढली."

मला हसावं की ओरडावं कळेना.

रविवार होता, नेमका तेवढ्यात नवरा आला. माझ्या तोंडून शब्द जड येत होते. "काय घेतलंयस तू?"

मी सांगितलं.

"डॉक्टरनं सांगितलं होतं का हे?"

"डॉक्टरांनी पडून राहा एवढंच सांगितलंय. तुम्ही राहून दाखवा!"

संध्याकाळी तो अक्काला म्हणाला, "तुमचे उपकार आहेत, पण आता देऊ नका." अक्का दुखावली. दोन आठवडे तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

गोळी बंद केली. झोप पुन्हा गेली, मग थोडी थोडी परत आली. शब्द अडखळायचे ते हादऱ्यानं की भांगेनं, हे मला तेव्हाही कळलं नाही. विचारायचं कुणाला? भांगेचं नाव डॉक्टरांसमोर काढायची लाज वाटे. अक्काच्या लेखी दोष पाण्याचा, भांगेचा नव्हे.

थंडी सुरू होताना मी कामावर परतले. आधी अर्धं पान, मग एक पान. एका सकाळी अख्खा आदेश टाइप झाला आणि ओकारी आली नाही. नवरा म्हणाला, डॉक्टरांच्या आरामानं झालं. अक्का पुन्हा बोलायला लागली होती, ती म्हणाली, "माझ्या गोळीनंच." साहेब म्हणाले, "बघा, कामाला लागलं की सगळं बरं होतं."

मी पुढचा कागद मशीनमध्ये सरकवला. सगळा राग टाइपरायटरच्या कळांवर काढला.