सत्यशीलाबाईंचे दोन कीबोर्ड

वरोऱ्याच्या तहसील कचेरीसमोर सुरेंद्र ठावरींचं टायपिंगचं दुकान होतं. सत्यशीला वाळके तिथे १९९१ पासून बसत. प्रतिज्ञापत्रं, फेरफाराचे अर्ज, कापूस बाजाराच्या नोटिसा, सगळं त्यांच्या हातून उतरायचं. दहा वर्षं टाइपरायटर चालवला, मग कॉम्प्युटर आला. मराठी अक्षरांच्या जागा त्याच होत्या, त्यामुळे बोटांना नवं काही शिकावं लागलं नाही. काम मात्र दुप्पट झालं.

दोन वर्षांत हात बिघडले. सकाळी उठलं की उजव्या हाताची तीन बोटं बधिर असत. हातातला चहाचा कप निसटू लागला. कणीक मळण्याचं काम नवऱ्याने, नागसेनने, स्वतःकडे घेतलं. डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं आणि टायपिंग सोडा म्हणून सांगितलं.

सुरेंद्रनेही तेच काढलं. पायल नावाची मुलगी दुकानात टायपिंग शिकत होती. "बाई, तुमच्या भल्यासाठीच म्हणतो. पायल तयार झाली हाये. तुम्ही नुसतं तपासत जा."

"मले एक महिना द्या, भाऊ. नाई जमलं तर मीच पायलले खुर्ची देतो."

त्यांना एकच गोष्ट छळत होती. टाइपरायटरच्या कळा कितीतरी जड, तरी तेव्हा दुखलं नव्हतं. त्यांनी जुनं मशीन माळ्यावरून उतरवलं आणि एक पान टाइप केलं. ओळ संपली की हात उचलून कागदाची गाडी मागे सारावी लागे. पान संपलं की कागद, कार्बन बदलावा लागे. कॉम्प्युटरवर हात तासन् तास एकाच जागी, आणि तेही छातीपुढे जवळ-जवळ, मनगटं करंगळीकडे वाकलेली.

दुकानात एक जुना कीबोर्ड पडून होता. तो कॉम्प्युटरच्या जुन्या गोल खोबणीत लावला, नवा यूएसबीत. दोन्ही चालले. डाव्यावर शिफ्ट दाबलं तरी उजव्यावरचं अक्षर बदलत होतं! त्यांनी दोन्ही कीबोर्ड खांद्याइतके दूर ठेवले आणि झाडू मिस्त्री नावाच्या सुताराला बोलावलं.

"एका माणसाले दोन कीबोर्ड काऊन लागते, बाई?"

"हात दोन हायेत म्हणून."

झाडू मिस्त्रीने कीबोर्डांखाली ठेवायला सागाच्या तुकड्यांचे उतार केले. पहिले फसले. पलीकडची बाजू उंच झाल्याने मनगट आणखीच वर मोडायचं. दुसऱ्या खेपेला आतली बाजू उंच ठेवली, तेव्हा तळवे एकमेकांकडे झुकले आणि बाईंनी सुस्कारा सोडला. डाव्या कीबोर्डवरच्या उजव्या आणि उजव्यावरच्या डाव्या, अशा नको असलेल्या अर्ध्या कळा त्यांनी पेचकसाने उपटून काढल्या.

मग त्यांनी प्रिंटर दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.

"हे काय करून राह्यल्या?" सुरेंद्र चिडला.

"पानापानाले उठावं लागते आता. तेवढाच हाताले आराम."

पहिला आठवडा वाईट गेला. मिनिटाला चाळीस शब्दांवरून वेग अठरावर आला. बोटं काढून टाकलेल्या कळांच्या रिकाम्या जागी पडत. एक वकील फाईल उचलून शेजारच्या दुकानात गेले. पायल समोर बसून पाहत होती, हे बाईंना सगळ्यात जड गेलं. तरी त्या रोज अर्धा तास आधी येऊन एकच उतारा पुन्हा पुन्हा टाइप करत. तिसऱ्या आठवड्यात बोटांना जागा सापडल्या. कप हातात राहू लागला.

महिना संपला त्या दिवशी सुरेंद्र घड्याळ घेऊन बसला. छत्तीस शब्द भरले, चूक एक. पायलला त्याने दुसरा कॉम्प्युटर सुरू करून दिला.

करंगळीशेजारच्या बोटाचा बधिरपणा पुढेही राहिला. पण वकील परत आले, साठ पानं घेऊन. "परवा पाहिजे, बाई."

"चार दिवस लागन, साहेब. त्याच्या आत नाई."

वकिलांनी त्या दोन कीबोर्डांकडे पाहिलं आणि फाईल टेबलावर ठेवली.