दोन वाजताची नोंद

हॉस्पिटलात सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. उंची जेमतेम पाच फूट, पण त्यांची चाहूल लागली की जिन्यात गप्पा मारणाऱ्या आया पटापट पांगत. एकतीस वर्षांची नोकरी, त्यातली नऊ वर्षं सगळ्या नर्सेसच्या प्रमुख म्हणून. कुणी रजा मागायला आलं की त्या म्हणत, "खुशाल जा. फक्त जाताना खाटाही थोड्या घेऊन जा."

त्या मंगळवारी मुलांच्या वॉर्डातली नर्स आजारी पडली. मोठ्या सिस्टरांनी पुरुषांच्या वॉर्डातल्या चिमणीला तिकडे बोलावलं. चणीने लहान आणि भारी चपळ, म्हणून ती चिमणी.

"सिस्टर, इथे मग एकटी नवी मुलगी राहील," चिमणी म्हणाली.

"अगं, तासाभराचा तर प्रश्न आहे."

तासाचे तीन तास झाले. चिमणी चारला परतली, तेव्हा सात नंबरच्या खाटेवरचे म्हातारे शिंपी घामाने थबथबले होते. आदल्याच दिवशी त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. आत रक्तस्राव होत होता, कुणाच्या लक्षातच आलं नाही. डॉक्टर धावत आले, पण पाच वाजायच्या आत सगळं संपलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी शिंप्यांच्या तपासणीचा कागद पाहिला. 'दुपारी दोन. नाडी ऐंशी. रक्तदाब ठीक.' खाली चिमणीची सही. बरोबर दोन वाजता मुलांच्या वॉर्डात सिस्टर स्वतः एका पोरीला सलाइन लावत होत्या आणि पोरीचा हात चिमणीने धरला होता.

चिमणीला बोलावल्यावर तिने आढेवेढे घेतले नाहीत. "परत आले तेव्हा दोनची जागा रिकामी दिसली. घाबरले आणि भरून टाकली." मग मान वर करून ती म्हणाली, "मला तिकडे पाठवलं कुणी, सिस्टर?"

सिस्टर तो कागद घेऊन हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी कागदावरून नुसती नजर फिरवली. "कागद व्यवस्थित आहे. आता उकरून काढलं तर गेलेला माणूस परत येणार आहे का? दोन वर्षांत निवृत्त व्हाल, मानाने जा."

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "तुझी चूक तू सांग की. त्या पोरीचं नाव कशाला घेतेस?"

"अहो, माझी सांगितली की तिची बाहेर येतेच. कागदावर सही आहे तिची."

त्यांना अन्न गोड लागेना. चिमणीच्या पगारावर तिची आई आणि धाकटी बहीण होती, हेही त्यांना ठाऊक होतं. शेवटी त्यांनी चिमणीला सांगितलं, "मी खरं सांगणार आहे. त्याआधी तू स्वतःहून लिहून दे, म्हणजे तुला शिक्षा कमी होईल." चिमणी निघून गेली. तिने लिहून दिलं नाही.

शुक्रवारी शिंप्यांची मुलगी वडिलांचा चष्मा आणि कपडे न्यायला आली. तिच्या मनात कसलाही संशय नव्हता. पिशवीला गाठ मारता मारता तिने सहज विचारलं, "दुपारी त्यांच्याजवळ कुणी होतं ना?"

'होतं' म्हटलं असतं तर ती समाधानाने गेली असती.

"नाही, बाई. दोन वाजता त्यांना कुणीच तपासलं नाही. कागदावरची नोंद खोटी आहे. आणि तिथली नर्स मीच हलवली होती."

"तपासलं असतं तर वाचले असते?"

"कदाचित. नक्की कुणीच सांगू शकणार नाही."

मुलीने पिशवीची गाठ आवळली. "मी विचारायलाच नको होतं," एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

सिस्टरांनी त्याच दुपारी सगळं लिहून दिलं, पहिलं नाव स्वतःचं घालून. चौकशी झाली. त्यांचं पद गेलं आणि त्या पुन्हा वॉर्डात रुग्णांची अंगं पुसू लागल्या. चिमणीला सहा महिने घरी बसवलं. वॉर्डात एकट्या नर्सला ठेवायचं नाही, असा हुकूम निघाला. तो दोन महिने पाळला गेला.

सहा महिने उलटले, तरी चिमणी परत आली नाही. दुसरीकडे कुठे तरी लागली, असं कळलं. सिस्टरांनी धीर करून फोन लावला.

"तुम्ही बरोबरच केलंत, सिस्टर," चिमणी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पण मला पुन्हा फोन करू नका."