अंगावरचा रूम फ्रेशनर

मॅनेजरने माझ्या अंगावर रूम फ्रेशनर मारला. मोगऱ्याचा. आधी पाठीवर, मग केसांवर. सगळा स्टाफ रांगेत उभा होता.

"गेस्टची तक्रार आहे. हिच्या अंगाला मासळीचा वास येतो," तो म्हणाला. "चल, आता मूल्यं म्हण."

तोंडवलीच्या किनाऱ्यावरचं रिसॉर्ट. मी तिथं खोल्या साफ करायची. रोज सकाळी आठला आम्ही भिंतीवरची कंपनीची मूल्यं मोठ्यानं म्हणायचो. आदर. विश्वास. आपलेपणा. त्या दिवशीही मी ती म्हटली. फवारा डोळ्यांत गेलेला, पाणी वाहत होतं. सगळे हसले. तिथंच कामाला असलेली माझी चुलत बहीणसुद्धा.

माझी आई मासळी विकते. रिसॉर्टच्या किचनला सुरमई तीच देते. गेस्ट बोटं चाटून खातात.

त्याच दिवशी आई मागच्या दाराशी आली. डोक्यावर पाटी. मी धावत गेले.

"आये, तू हय येव नको. वास येता."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कोणाक? तुका?"

कोणी ऐकलं का, म्हणून मी मागे वळून बघितलं. "बरा," म्हणाली आणि वळली. दुसऱ्या दिवसापासून ती कंपाउंडबाहेर वाळूत थांबायला लागली. उन्हात. कूक येईपर्यंत. मी वरच्या खोलीच्या खिडकीतून बघायची आणि चादरी बदलायची. त्या माणसानं माझ्या पाठीवर फवारा मारला होता. मी आईच्या तोंडावर मारला.

मग पुण्याच्या मुख्य ऑफिसातून मॅडम आल्या. इथं माणसं टिकत नव्हती, गेस्ट नेटवर वाईट लिहीत होते. मॅडमनी आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. पहिल्यांदाच.

"ही मूल्यं तुम्हाला आपली वाटावीत म्हणून काय करायला हवं? मोकळेपणानं सांगा."

सगळ्यांनी वळून बघितलं. मॅनेजर मागे उभा. मी उठले. ऑफिसातल्या मराठीत ते बाहेरच येईना, म्हणून मालवणीत बोलले.

"ह्येंनी माझ्या अंगार फवारो मारल्यानी. आणि माझ्याकडसून 'आदर' म्हणून घेतल्यानी. मगे मी माझ्या आवशीक दारातसून घालवलंय."

मॅडमचं पेन थांबलं. "हे जरा पर्सनल आहे. आपण पॉझिटिव्ह बोलूया का?"

वहीत काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवला. फक्त सही बाकी.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "काढायचं तर तुम्ही काढा. कशासाठी काढलं ते लिहून द्या."

"तुला या किनाऱ्यावर कोणी काम देणार नाही."

"लिहून द्या."

त्यानं दिलं नाही. मला कपडे धुण्याच्या खोलीत टाकलं. आई अजून आत येत नाही. दोनदा बोलावलं. नुसती मान हलवते.

मग जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला जाऊन कामगार ऑफिसात मी अर्ज दिला. मॅनेजरने काय केलं ते लिहिलं. मी आईला काय बोलले, तेही लिहिलं. एक अक्षर सोडलं नाही.

आता गावातली माणसं घरी येतात. रिसॉर्ट बंद पडलं तर पोरांनी कामाला जायचं कुठं, म्हणतात. अर्ज मागे घे, म्हणतात. मी ऐकून घेते. चहा देते. अर्ज मागे घेणार नाही.